वऱ्हाड नावाच्या देशी जाताना

वऱ्हाड नावाच्या देशाला जाण्यासाठी पारपत्र लागत नाही, व्हिसा लागत नाही आणि नकाशावर शोधू गेल्यास तो देशही सापडत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात हे नाव नाही, जिल्ह्यांच्या यादीत नाही. शासकीय कागदांवर तो ‘अमरावती विभाग’ असतो, वर्तमानपत्रांत ‘पश्चिम विदर्भ’ असतो आणि पुण्यामुंबईच्या आपल्या आप्तांच्या बोलण्यात तो नुसता ‘तिकडे’ असतो. ‘तिकडे’ म्हणजे नागपूरच्या अलीकडे की पलीकडे, यावर दोन आप्तांचे एकमत झालेले मी अद्याप पाहिलेले नाही. असे असूनही अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ साली अकोल्यापासून वेगळा निघालेला वाशीम, या पाच जिल्ह्यांतील माणसाला परगावी कोणी विचारले की तो गावाच्या आधी सांगतो, ‘आम्ही वऱ्हाडातले.’

ही प्रवास-मार्गदर्शिका लिहिण्याचे निमित्त घरगुती आहे. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे. अकोल्यात घरची अडत आणि डाळमिल तो सांभाळतो. मुलगा निर्व्यसनी आहे, हिशेबाला चोख आहे आणि बोलण्यात आमच्या घराण्याच्या मानाने बराच मृदू आहे. गेल्या चार वर्षांत त्याचा बायोडेटा पुणे, नाशिक, संभाजीनगर, सुरत असा पुष्कळ फिरला. गोत्र आड येत नाही, शिक्षण आड येत नाही, उंचीही आड येत नाही. आड येते ती ‘निवास : अकोला’ ही ओळ. आता पुण्याच्या एका कुटुंबाने चातुर्मास संपल्यावर घर पाहण्यास येण्याचे मान्य केले आहे, आणि त्यांचे फोन सुरू झाले आहेत. पाणी किती दिवसांनी येते? उन्हाळा सोसेल का? तिकडे मराठी बोलतात की हिंदी? मॉल आहे का? जाऊबाई उत्तरे देऊन थकल्या आणि त्यांनी हे काम माझ्याकडे सोपवले. कारण मी स्वतः १९८४ साली सोलापूरहून सून म्हणून या देशात आले, म्हणजे मूळची परदेशी आणि आता येथलीच. हीच अडचण वाचकांपैकी अनेक घरांत असेल, म्हणून जे त्या मंडळींना लिहिले तेच थोडे वाढवून येथे देत आहे.

प्रथम नावाचा खुलासा. वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी, हा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या गाजलेल्या एकपात्री प्रयोगात जे वऱ्हाड लंडनला निघाले ते लग्नाचे होते आणि मराठवाड्यातले होते; ते आमचे नव्हे. आमच्या वऱ्हाडाचे नाव वरदा म्हणजे वर्धा नदीवरून पडले असे एक मत आहे. दुसरे मत रुक्मिणीचे आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी असलेले कौंडण्यपूर हे तिचे माहेर मानले जाते. तिच्या लग्नाची मंडळी जेथे जमली ते वऱ्हाड, असे लोक सांगतात. मला दुसरे मत अधिक सोयीचे वाटते. ज्या देशाचे नावच लग्नाच्या मंडळींवरून पडले, त्या देशात मुली द्यायला लोकांनी बिचकावे, हे काही पटत नाही.

या देशाचा मालक कोण, हे पाहुण्यांनी आधी समजून घ्यावे. व्यापारी घरात हा इतिहास समजावून सांगणे सोपे जाते, कारण तो सगळा गहाण, भाडेपट्टा आणि थकबाकीचा आहे. वऱ्हाड निजामाचे होते. निजामाच्या नावाने इंग्रजांनी एक फौज उभी केली होती आणि तिचा खर्च निजामाच्या खाती पडत होता. खर्च थकत गेला. शेवटी १८५३ साली त्या येण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची; खर्च वजा जाता जे उरेल ते निजामास परत करायचे. वहीच्या भाषेत याला ताबेगहाण म्हणतात. प्रांताचे सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते, म्हणजे गहाणखताचा उल्लेख दारावरच्या पाटीत. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी हे गहाण सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. परंतु सावकाराने एकदा शेतात विहीर खोदली की तो ते शेत सोडत नाही, आणि इंग्रजांनी तर येथे १८६७ पर्यंत मुंबईपासून नागपूरपर्यंत रेल्वे नेली होती.

१९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला. वर्षाला २५ लाख रुपये भाडे, आणि भाडेपट्टा कायमचा. पागडीच्या जागेचा अनुभव असलेल्या वाचकांना यावर अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे निजामांना जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड दिले, असा आहे अशी कोटी लोकांनी केली. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि कारभार नागपुराहून चालू लागला. १९३६ मध्ये निजामाची मालकी शब्दांत राखण्यासाठी त्यांचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देण्यात आली. त्यांच्या पत्नी दुर्रूशेहवार या तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफांच्या कन्या. त्यांचा विवाह १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे झाला होता. अशा रीतीने इस्तंबूलच्या राजवाड्याची लेक वऱ्हाडची युवराज्ञी झाली. युवराजांना येथील कारभारात काडीचाही अधिकार नव्हता. मालक हैदराबादेत, भाडेकरू लंडनमध्ये, मुनीम नागपुरात आणि युवराज नुसते पदवीपुरते, असा हा देश आमच्या सासऱ्यांच्या लहानपणी होता. काल्पनिक देश याहून वेगळा काय असतो? स्वातंत्र्यासरशी भाडेपट्टा संपला. १९४७ चा अकोला करार, १९५६ चे द्वैभाषिक राज्य, १९६० चे महाराष्ट्र राज्य, अशा पायऱ्या उतरत हे नाव कागदांवरून निघून गेले.

आता प्रवासाविषयी. पुण्याहून येणाऱ्यांनी महाराष्ट्र एक्सप्रेसने यावे. ती अकोल्यालाही थांबते आणि बडनेऱ्यालाही. अमरावतीस जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की मुख्य मार्गावरचे स्थानक बडनेरा आहे आणि अमरावती त्याच्या फाट्यावर आहे. बडनेऱ्यास उतरून ‘अमरावती कोठे आहे’ असे विचारणारा पाहुणा दर हंगामात एक तरी येतो. २०२५ च्या एप्रिलपासून अमरावतीजवळच्या बेलोरा येथून मुंबईचे विमानही सुरू झाले आहे. सर्वांत रम्य प्रवास आता करता येत नाही. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ ही गाडी क्लिक निक्सन या इंग्रज पेढीने स्थापलेल्या खासगी कंपनीची होती. देशातील रेल्वे सरकारी झाली तरी हे रूळ खासगीच राहिले, आणि १९९४ पर्यंत त्यांवर वाफेचे इंजिन धावत होते. वऱ्हाडचा कापूस त्या रुळांवरून मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला जाई. लंडनला खरोखर निघालेले आमचे वऱ्हाड ते.

अकोला ते अमरावती हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. जून २०२२ मध्ये या मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालण्यात आला आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. त्यापूर्वी आम्ही या रस्त्याची किती वर्षे वाट पाहिली, त्या विक्रमाची नोंद कोणी घेतली नाही.

एक सूचना केवळ आपल्या समाजापुरती, आणि ती कोणत्याही प्रवासी पुस्तकात मिळणार नाही. अकोला पुण्याच्या पूर्वेस सुमारे तीन अंश आहे. कार्तिकात येथे सूर्य पुण्यापेक्षा सुमारे पाव तास आधी मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी पुण्याच्या सवयीने ‘अजून वेळ आहे’ म्हणत गप्पा लांबवल्या, तर ताट वाढलेले राहते आणि पाहुणे उपाशी राहतात. आमच्या घरी पुण्याचे पाहुणे असले की जाऊबाई दुपारी चार वाजल्यापासूनच घाई करू लागतात, ती यासाठी. पाहुण्यांनी त्याचा अर्थ ‘यांना आम्हाला लवकर घालवायचे आहे’ असा घेऊ नये.

भाषा मराठीच आहे, परंतु उतरल्यावर पहिला अर्धा दिवस तसा विश्वास बसत नाही. भाजीबाजारात ‘सांबार’ मागितल्यास कोथिंबिरीची जुडी मिळते. सांगलीच्या एका पाहुण्यांना आमच्या शेजारणीने ‘भाजीत सांबार घातला आहे’ असे सांगितले, तेव्हा ते इडली येण्याची वाट पाहत बसले. खेड्यांत ‘ळ’चा ‘य’ होतो. पोळीची ‘पोयी’ आणि डोळ्याचा ‘डोया’. ‘का’ या प्रश्नासाठी ‘काहून’ आहे. तो दरडावणीचा शब्द नाही, साधी चौकशी आहे. वाक्याच्या शेवटी येणारा ‘जी’ हा मानाचा आहे: ‘बसा नं जी, चाय घेता का जी?’ करमत नाही याला येथे ‘गमत नाही’ म्हणतात, आणि लग्न होऊन आलेल्या प्रत्येक मुलीला पहिले वर्षभर भेटेल ती बाई ‘गमते का?’ असे विचारते. मला हा प्रश्न आरंभी गमतीचा वाटे. पुढे कळले की तो फार गंभीरपणे विचारला जातो आणि उत्तर ऐकण्यासाठी विचारणारी थांबते.

व्यवहारात मात्र एका क्रियापदापासून सावध राहावे. चालू असलेल्या क्रियेसाठी वऱ्हाडी माणूस ‘राहिलो’ वापरतो. ‘मी जेवून राहिलो’ म्हणजे तो या क्षणी जेवत आहे. त्याच न्यायाने ‘पैसे देऊन राहिलो’ म्हणजे पैसे देण्याची क्रिया चालू आहे. ती केव्हा संपेल हे त्या क्रियापदात सांगितलेले नसते. आमच्या पेढीच्या येण्यांत अशी काही वाक्ये १९९० पासून चालू आहेत.

उन्हाळ्याविषयी मी खोटे बोलणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, आणि मी सोलापूरची असूनही मला तो पहिल्या वर्षी अपमानासारखा वाटला. दुपारी बारा ते चार या वेळेत येथे कोणी कोणाकडे जात नाही. त्या वेळी दार वाजले तर घरातले लोक आधी घाबरतात. उन्हात निघताना खिशात कांदा ठेवावा, असा येथला जुना उपाय आहे. कांदा खात नाही, पण खिशात बाळगण्यास काय हरकत आहे, या प्रश्नावर आमच्या घरात तीन पिढ्यांचा मतभेद असून तो मिटेपर्यंत आम्ही कैरीचे पन्हे आणि डोक्याला ओला पंचा यांवर भागवतो. पाण्याची गोष्ट वेगळी. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे लागते आणि त्यात डाळ शिजता शिजत नाही. तूरडाळीच्या गिरण्या मात्र अकोल्यात. दैवाचा हा विनोद आमच्या व्यवसायाला मानवला आहे.

जेवणाबद्दल एकच सांगते. येथे ‘पुरे’ हा शब्द तीनदा उच्चारल्याशिवाय ग्राह्य धरला जात नाही, आणि तिसऱ्यांदाही तो ताटावर हात आडवा धरून उच्चारावा लागतो. रोडगे केले असतील तर दुपारनंतरचे सर्व बेत रद्द समजावेत. कंदमूळ कोणी देणार नाही; परंतु तिथीची हरी, वांग्याचा त्याग, द्रव्यांची मर्यादा असे काही नियम असतील तर आदल्या दिवशीच कळवावे. आयत्या वेळी कळवल्यास सर्व स्वयंपाक नव्याने होतो आणि आधीचाही वाढला जातो.

काय पाहावे, याची यादी लांब करत नाही. कारंजा येथे अवश्य जावे. तेथील जैन भांडारांत जपलेल्या हस्तलिखितांतून अपभ्रंश भाषेतील ग्रंथ जगापुढे आले, आणि ज्यांनी त्यासाठी कष्ट घेतले ते डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात अध्यापन करत होते. षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला. मुक्तागिरीची बावन्न मंदिरे परतवाड्यापासून जवळ आहेत. तेथे जाताना आपण मध्य प्रदेशात शिरतो, पण ही सीमा यात्रेकरूंना कधी जाणवलेली नाही. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे. तेथील जुन्या वादाचा विषय मात्र चहाच्या वेळी काढू नये, चहा थंड होतो. अमरावतीचा परकोट पाहावा. शहरातील धनिक व्यापाऱ्यांचे पेंढाऱ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. व्यापाऱ्यांसाठी सरकारने भिंत बांधल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

कारंजाचे आणखी एक महत्त्व मुलीच्या वडिलांना सांगण्यासारखे आहे. देशातील पहिला नियमबद्ध कापूस बाजार १८८६ साली तेथे सुरू झाला. आज गावोगावी ज्या बाजार समित्या आहेत त्यांचे मूळ आमच्या या गहाण पडलेल्या देशात आहे. आमच्या सासऱ्यांचे पणजोबा मारवाडातून लोटा आणि दोर घेऊन आले, ते कापसाच्याच ओढीने. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण त्यांनी वाटेतच ऐकली असावी. ते आले तेव्हा या देशाची भाषा त्यांना येत नव्हती, ऊन सोसत नव्हते, पाणी खारट लागत होते, आणि त्यांना कोणी मार्गदर्शिका दिली नव्हती.

पाहुण्यांना जे दाखवण्याचा आमच्या मंडळींचा बेत नाही, तेही लिहून ठेवते. मी आले तेव्हा आमच्या गल्लीत जैनांची अकरा घरे होती. आज चार घरांत दिवा लागतो. बाकीच्यांची मुले पुण्यात, बंगळुरात, एक टोरांटोत. पर्युषणात प्रतिक्रमणाला हॉल भरतो, परंतु मागच्या रांगांत तरुण मुली दिसत नाहीत, आणि तरुण मुलगे दिसतात ते बहुधा अविवाहित. आम्ही पत्रिका छापतो, मेळावे भरवतो, आणि आमच्याच मुलींसाठी स्थळ पाहताना ‘पुणे असेल तर बरे’ असे म्हणतो. माझ्या स्वतःच्या दोन्ही मुली पुण्यात दिलेल्या आहेत.

मुलीच्या आईने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वर आली. मुलीने स्वतः एकच प्रश्न विचारला. ती सी.ए. आहे, एका मोठ्या कंपनीत काम करते. तिने विचारले, ‘अकोल्यात मी काय करू?’ आमच्याकडून कोणीतरी तत्परतेने सांगितले, ‘घरची पेढी आहेच की, हिशेब पाहा.’ पलीकडे थोडा वेळ शांतता होती आणि मग तिने हवामानाचा विषय काढला. ते उत्तर वाईट होते असे माझे स्पष्ट मत आहे. तिने हिशेबाची वही मागितली नव्हती. मी बी.एस्सी. होऊन आले होते आणि हा प्रश्न मला विचारू दिला गेला नाही. म्हणून इतक्या सर्व प्रश्नांत मला हाच पोक्त वाटला. पुण्यासारख्या कंपन्या येथे नाहीत, हे झाकून उपयोग नाही. डाळमिला, जिनिंगचे कारखाने, संत्र्याच्या बागांचा व्यापार आहे. या सर्वांचे कर, कर्जे आणि ताळेबंद आहेत. आणि ते पाहणारे बरेच लोक साठीच्या पुढचे आहेत. यात तिच्यासाठी काही आहे का, हे ठरवणारी ती. आम्ही फक्त दारे उघडी ठेवू शकतो. स्वयंपाकघराचे दार त्यात शेवटी यावे, असे मी घरात सांगितले आहे.

परवा पुतण्या माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, ‘काकू, तिने विचारलं की तुम्हीच पुण्याला यायला तयार आहात का, तर काय सांगू?’ त्याचे वडील आत होते, म्हणून तो हळू बोलत होता. मी त्याला सांगितले की जे खरे असेल ते सांग, पण ते आधी वडिलांना सांग. तो गेला. सांगितले की नाही, हे मला अद्याप कळलेले नाही. जाऊबाई मात्र दोन दिवसांपासून कमी बोलत आहेत.

पाहुण्यांसाठी आता थोड्याच सूचना उरल्या. एक पिशवी रिकामी आणावी. जाताना तूरडाळ, संत्री आणि खामगावची एखादी चांदीची वाटी तीत बसवावी लागेल. निरोप घेण्यास निघण्याच्या एक तास आधी आरंभ करावा, कारण ‘येतो’ म्हटल्यानंतर येथे पुन्हा चहा होतो. घर पाहून झाल्यावर मुलामुलीला बोलायला गच्चीवर पाठवण्याची आमच्याकडे रीत आहे; त्याऐवजी त्यांना बाजार समितीत पाठवावे, तूर येण्याचे दिवस नसले तरी तेथे सकाळी वर्दळ असते आणि कोणी कान देऊन ऐकत नाही. तिकिटे महाराष्ट्र एक्सप्रेसचीच काढली आहेत असे कळते. अकोल्याला गाडी फार वेळ थांबत नाही. सामान आधीच दाराशी आणून ठेवावे. स्टेशनवर पुतण्या येईल. मी त्याला एकट्यालाच पाठवणार आहे.